तात्यांची दोन वाक्यं

भट्टीचा पंखा असा मध्येच कधी बंद होत नसे. मुशीतलं सोनं पाण्यासारखं हलायला लागेपर्यंत तो घुमतच राहायचा. त्या दिवशी सकाळी साडेआठला तो एकदम थांबला, म्हणून मी परीक्षेचं पुस्तक हातात तसंच धरून मागच्या खोलीतून पुढं दुकानात आले.

दुकानात चार माणसं उभी होती. दोघं खाकीत, दोघं साध्या कपड्यांत. साध्या कपड्यांतल्या एकानं वडिलांची मान मागून पकडली होती. वडील तमिळमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "सर, रोजचं गिऱ्हाईक आहे सर. तो सोनारच आहे. त्यानं आणलं, मी आटवून दिलं. मला काय माहीत सर?"

त्या माणसानं त्यांच्या थोबाडीत मारली. माझ्या वडिलांना कुणी मारताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आवाज फार मोठा झाला नाही. पण वडील बोलायचे थांबले.

उंबऱ्यावर माझे आजोबा बसलेले होते. गावाकडं सगळे त्यांना तात्या म्हणायचे, मीही तात्याच म्हणायची. ते उठून उभे राहिले आणि हात जोडून मराठीत म्हणाले, "साहेब, काय झालं? माझं पोरगं हाय त्ये." कुणी त्यांच्याकडं बघितलंही नाही. मूस, तराजू, वही, सगळं पोत्यात भरून वडिलांना जीपमध्ये ढकललं. जाता जाता वडील माझ्याकडं वळून ओरडले, "हेमा, तात्यांना सोडून कुठं जाऊ नको!"

मी दहा वर्षांची होते. आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. तिकडची माणसं सोनंचांदी गाळायच्या कामासाठी देशभर जातात. वडील सोळाव्या वर्षी एका चुलत्याबरोबर तमिळनाडूत आले आणि तिथल्या एका बाजारगावात त्यांनी स्वतःची भट्टी घातली. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. माझा जन्म तिथलाच. शाळा तमिळ, मैत्रिणी तमिळ, भांडण तमिळ. मराठी फक्त घरात.

आई दुसऱ्या बाळंतपणाला गावी गेली होती. माझी परीक्षा होती म्हणून मी वडिलांजवळ राहिले, आणि घर सांभाळायला गावाहून तात्या आले. आजी वर्षापूर्वी वारली होती, त्यामुळं त्यांना अडवणारंही कुणी नव्हतं. त्याआधी मी त्यांना दोनदाच पाहिलेलं, तेही लहानपणी. त्यांना येऊन तीन आठवडे झाले होते.

खरं सांगायचं तर मला ते आवडत नव्हते. त्यांचा लाल पटका, गुडघ्यापर्यंतचं धोतर, तंबाखूचा वास, दिवसभर उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मराठीत "राम राम" करणं. माझ्या मैत्रिणी त्यांच्या चालण्याची नक्कल करायच्या आणि मीही हसायची. ते भाकरी करायचे आणि मी शेजारच्या सेल्वी अक्कांकडं जाऊन इडली खायची. दोनच दिवसांपूर्वी मी वडिलांना म्हटलं होतं, "यांना परत पाठवा ना." वडील म्हणाले होते, "आई येईपर्यंत राहू दे गं. त्यांचं काय ओझं आहे तुला?"

जीप गेल्यावर मी सेल्वी अक्कांच्या दाराशी धावले. त्यांनी मला पाहिलं, त्यांच्या मुलीला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आमच्या गल्लीत मराठी लोकांची आणखी तीन दुकानं होती. दहा मिनिटांत तिघांचीही शटरं खाली आली.

तात्यांनी दुकान आतून बंद केलं. आम्ही दोघं अंधाऱ्या भट्टीजवळ बसलो. मग मागचं दार हळूच वाजलं. तात्यांनी फटीतून पाहिलं आणि उघडलं. आमच्याच गावचे पोपटकाका होते. घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला.

"तात्या, पोरीला घ्या आन गावाकडं निघा," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "चारची गाडी हाय."

"आन माझा भीमा?"

"भीमाचं आता आपल्या हातात न्हाय. बाजूच्या गावात मोठा दरोडा झालाय. बाईला मारून टाकलंय. त्यातलं सोनं एका सोनारानं भीमाकडं आटवाय आणलं. त्यो सोनार पळाला. भीमा घावला."

"त्येला ठावं न्हवतं न्हवं?"

"आमाला कुणालाच ठावं नसतंय तात्या. येतंय त्ये आटवतो." पोपटकाकांनी माझ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला, पण मला सगळं ऐकू येत होतं. "लई मारत्यात. सोन्याफुडं नाव लावल्याबिगर सोडत न्हाईत. म्या घेतलं म्हणून कुणीतरी सही करायची, मग मार थांबतोय. भीमानं सही केली की त्यो खुनाच्या केसात गुतला. न्हाय केली तर..."

"तर?"

पोपटकाकांनी दाराची कडी काढली. त्यांची बायकापोरं बसस्टँडवर थांबली होती. ते ज्या दारानं आले त्याच दारानं गेले.

मी खिडकीच्या फटीतून रस्त्यावर पाहिलं. समोरच्या झाडाखाली मोटरसायकलवर दोन माणसं बसली होती. ती आमच्याच दाराकडं बघत होती. एकानं सोललेलं केळं हातात धरलं होतं आणि तो ते खात नव्हता. ती पोलिसांची माणसं होती की ज्यांचं सोनं गेलं त्यांची, ते आजपर्यंत मला कळलेलं नाही. मी तात्यांना सांगितलं. त्यांनीही फटीतून पाहिलं आणि मला मागच्या खोलीत नेलं.

"पोलीस ठाणं लांब हाय का?" त्यांनी विचारलं.

"देवळाच्या मागं."

"चालत?"

"चालत पंधरा मिनिटं."

त्यांनी तोंड धुतलं. धुतलेलं धोतर नेसले. पटका सोडून नव्यानं बांधला, अगदी लग्नाला जायचं असल्यासारखा. मग एक भाकरी गुळाबरोबर माझ्यापुढं ठेवली. मी नको म्हटलं. ते समोर बसून राहिले. मी शेवटचा तुकडा खाईपर्यंत उठले नाहीत.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज मागून आला. ती आमच्या मागं चालण्याच्याच वेगानं येत राहिली. तात्यांनी माझा हात धरला होता. एरवी रस्त्यात त्यांनी हात धरला की मी तो सोडवून घ्यायची. त्या दिवशी मी त्यांचं बोट दुखेल इतकं घट्ट धरलं. दुकानादुकानांतून लोक बघत होते. देवळाचं वळण घेतलं आणि मोटरसायकल तिथंच थांबली.

ठाण्याच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं. त्यावर आम्ही दोन तास बसलो. आतल्या एका खोलीचं दार बंद होतं. तिथून थोड्याथोड्या वेळानं आवाज यायचा. आधी काहीतरी आपटल्यासारखा, मग माणसाचा. तात्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. त्यांनी मान वाकडी करून चांगला कान त्या दाराकडं केला.

"त्यो भीमाचा आवाज न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "दुसरं कुणीतरी आहे."

तो वडिलांचाच आवाज होता. ते मराठीत ओरडत होते, "आई गं." ठाण्यात आणखी कोण मराठीत ओरडणार होतं? तात्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, पटल्यासारखी.

मग ते खाली वाकून म्हणाले, "ध्यान दे. आत गेलं की मी सांगीन त्ये त्येंच्या भाषेत सांगायचं. जसंच्या तसं. मधी रडायचं न्हाय. रडलीस तर आपलं कोण ऐकायचं न्हाय. जमंल?"

मी हो म्हटलं.

इन्स्पेक्टर तरुण होता. टेबलावर पोळपाटाएवढा पंखा होता आणि त्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यावर आमच्याच दुकानाचं वजन ठेवलं होतं. त्यानं मला विचारलं, "हा म्हातारा कोण?"

"आजोबा. माझ्या अप्पांचे वडील."

"काय पाहिजे त्याला?"

मी तात्यांकडं पाहिलं. ते ताठ उभे होते. हात जोडलेले नव्हते. त्यांनी इन्स्पेक्टरकडं बघत बघत, मला सांगितलं, "सांग त्येला. त्ये सोनं मी घेतलं. माझ्या पोराला ह्यातलं कायबी ठावं न्हाय."

दोनच वाक्यं. मला कळली नाहीत असं नाही. सोन्यापुढं नाव लावायचं म्हणजे काय, ते मी सकाळीच पोपटकाकांकडून ऐकलं होतं.

"सांग," तात्या म्हणाले.

मी तमिळमध्ये सांगितलं.

इन्स्पेक्टर हसला. दाराशी उभा असलेला हवालदारही हसला. "याला सोनं हा शब्द तरी येतो का आमच्या भाषेत?" इन्स्पेक्टर म्हणाला. "चोराशी बोलला कसा हा? घेऊन जा याला घरी. मुलाला वाचवायला आलाय म्हातारा."

तात्या माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय म्हंतोय?"

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. बंद खोलीतून पुन्हा आवाज आला, आणि माझ्या तोंडून आपोआप तमिळ बाहेर पडायला लागलं.

"मी होते सर तिथं," मी म्हणाले. "अप्पा बाहेर बँकेत गेले होते. तो सोनार आला. त्याचं बोलणं मी आजोबांना मराठीत सांगितलं. आजोबांनी हातानं खूण केली, ठेव म्हणून. अप्पांनी नंतर नेहमीचं सोनं समजून आटवलं."

इन्स्पेक्टरचं हसू गेलं. तो पुढं झुकला. "खोटं बोललीस तर काय होतं माहीत आहे?"

"हो सर."

"न्यायाधीशासमोर हेच सांगशील?"

"हो सर."

माझा आवाज कापला नाही. शाळेत कविता म्हणताना कापायचा, तितकाही नाही. त्यानं हवालदाराला कागद आणायला सांगितला. त्याला रात्रीच्या आत वरच्या साहेबाला एक नाव कळवायचं होतं, एवढं त्यांच्या बोलण्यावरून मला समजलं. नाव कुणाचं, याची त्याला फार पडलेली नव्हती. कागद लिहून झाला. तात्यांनी मला विचारलं, "कुठं करायची?" मी बोट ठेवलं. त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढून मराठीत सही केली. आनंदा बाळा, आणि पुढं गावाचं नाव.

मग हवालदारानं त्यांना पटका काढायला लावला. आत डोक्याला काही बांधू देत नाहीत. त्यांनी पटका सोडला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं. पांढरंफटक, वर जेमतेम चार केस, बाळाच्या डोक्यासारखं. सकाळपासून मला इतकी भीती वाटली नव्हती तितकी ते डोकं बघून वाटली. ते आत गेले. मागं वळून पाहिलं नाही.

वडील संध्याकाळच्या आत बाहेर आले. उजवा हात छातीशी धरलेला, एका पायावर लंगडत. मला बघून म्हणाले, "एकटीच? तात्या कुठायत?"

मी पटका पुढं केला.

तात्यांनी सही केल्याचं कळल्यावर ते परत आत धावले. हवालदारानं त्यांना ढकलून बाहेर काढलं. ते पायरीवर बसले. तिथूनच त्यांनी विचारलं, "असं सांग म्हणून कोण म्हणालं तुला?"

"तात्याच."

"आन तू सांगितलंस?"

"हो."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही, आणि मीही बाकीचं सांगितलं नाही.

तात्या सव्वीस दिवस आत होते. त्या दिवसांत रस्त्यावर जीपचा आवाज आला की मी न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसायची. न्यायाधीश मला कधी बोलावणार, तिथं मी काय काय सांगायचं, हे मी रोज मनात घोकायची. बँक, सोनार, हाताची खूण. वडील वकिलाकडं, जामिनासाठी माणसं गोळा करायला, पुन्हा ठाण्यात, असे दिवसभर पळत असायचे. गावाहून तार आली, आईला मुलगा झाला. आईला आम्ही काही कळवलं नव्हतं.

भेटीच्या दिवशी वडील मला तुरुंगात घेऊन गेले. जाळीच्या पलीकडं तात्या उभे होते. त्यांची मिशी काढून टाकली होती, त्यामुळं आधी मी त्यांना ओळखलंच नाही. नातू झाला म्हटल्यावर ते जाळीला तोंड लावून हसले. वडील लहान मुलासारखे रडायला लागले.

"का केलंत असं तात्या? मी भोगलं असतं माझं."

"रडू नगंस. हिशोब साधा हाय," तात्या म्हणाले. "तू आत आन मी भायेर असतो, तर मी काय केलं असतं? मला हितं कुणाला वाट इचारता येत न्हाय. वकील कोण, कोर्ट कुठं, काय ठावं न्हाय. तू भायेर हायस तर मला सोडवशील. मी भायेर असतो तर तू सडला असतास." मग थोडं थांबून म्हणाले, "आन तू आत असतास तर बाळंतिणीला काय सांगायचं, पोराचा बाप खुनाच्या केसात हाय म्हणून?"

ते जे म्हणाले तेच झालं. पळालेला सोनार त्याच्या मेहुणीच्या घरी सापडला. दरोडेखोर पकडले गेले. त्या सोनारानं जबाब दिला की मराठी भट्टीवाल्याला काहीच माहीत नव्हतं, आणि म्हाताऱ्याच्या हातात तर त्यानं कधी सोनं दिलंच नाही. माझं सगळं खोटं तिथंच उघडं पडलं, पण मला त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. वडिलांनी जामिनाला माणसं उभी केली आणि तात्यांना जामीन मिळाला. खटला मात्र दोन वर्षं चालला आणि दर तारखेला तात्या गावाहून दोन दिवसांचा प्रवास करून एकटे यायचे. पिशवीत शेंगा, बाजरीचं पीठ, बाळाबरोबर गावीच राहिलेल्या आईच्या हातची चटणी. कोर्टात मी त्यांच्याजवळ बसून काय चाललंय ते कानात सांगायची. शेवटी ते निर्दोष सुटले. त्यानंतर वर्षभरात वडिलांनी भट्टी विकली आणि आम्ही गावी परत आलो. तमिळ माझ्या तोंडातून हळूहळू गेलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. सासरची माणसं बघायला आली होती. अंगणात सतरंजी टाकलेली, तात्या मध्यभागी बसलेले, ऐंशीच्या पुढचे. मी चहा घेऊन आले आणि त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांना ती गोष्ट सांगायला घेतली. ती ते गावात सगळ्यांना सांगायचे.

"मी हिला दोन वाक्यं सांगितली," ते म्हणाले. "मोजून दोन. आन ही बोलतीया, बोलतीया, थांबतच न्हाय. मला भाषा येत न्हवती पाव्हणं, पर एवढं कळत हुतं की ह्ये माझं न्हाय, ह्ये हिचं सोताचं हाय. त्यो साहेब हसत हुता, त्येचं त्वांड बंद झालं. धा वर्साची पोर! बाप मार खातोय, आजा काय सांगतोय त्ये कुणाला पटंना, तर हिनं पदरचं घालून त्ये पटवलं. तवाच म्हटलं, पोरगी आपली हाय. तिकडं वाढली म्हणून काय झालं?"

सगळे कौतुकानं माझ्याकडं बघायला लागले. सासरे म्हणाले, "शाबास." वडील अंगणाच्या कडेला उभे होते, त्यांनी मान दुसरीकडं वळवली. मी कप भरत राहिले.

पाहुणे गेले. तात्या एकटेच बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी ठाण्यात मला काय वाटलं होतं, ते मला लख्ख आठवत होतं. इन्स्पेक्टर म्हणाला होता, घेऊन जा याला घरी. त्याबरोबर मला दिसलं ते असं, की अप्पा आतच राहणार आणि मी या माणसाबरोबर त्या अंधाऱ्या दुकानात परत जाणार. मला माझे अप्पा पाहिजे होते. हा म्हातारा मला नको होता. तो तिथं राहिला तर चालणार होतं. म्हणून मी बोलले. क्षणभरसुद्धा थांबले नाही.

"तात्या," मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"हां?"

त्यांनी चांगला कान माझ्याकडं केला. चेहरा अजून मघाच्याच कौतुकानं फुललेला होता.

"मी लई भ्याले होते," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दारात कुणी नाही ना ते पाहिलं, आणि इतक्या वर्षांत त्या गोष्टीत एकदाही न सांगितलेलं हळू आवाजात सांगितलं.

"मीबी भ्यालो हुतो. आत गेल्यावर धोतरात झालं माझं. कुणाला सांगू नगंस."

मी नाही सांगणार म्हटलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते वाट बघत राहिले, मला अजून काही सांगायचं असेल म्हणून. मी समोरचे रिकामे कप एकात एक घातले. थोड्या वेळानं आईनं जेवायला हाक मारली आणि मी त्यांना हाताला धरून उठवलं.